मास्तरांना पाय ऐकू येईनात

साळवे मास्तरांनी दोन्ही कानांतली मशिनं काढली, रुमालाने पुसली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या टेबलावर सरकवली.

"परत घ्या ताई. तुमची काई चूक न्हाई. मशीन झ्याक हाय, पर माझ्या कामाचं न्हाई."

"का? ऐकू येत नाही का?"

"येतं की. माणसं आयकू येत्यात. टीव्ही येतो. खालचा भेळवाला बोंबलतो त्यो बी येतो. पाय न्हाई येत."

"पाय म्हणजे?"

"पोरींचे पाय," मास्तर म्हणाले, आणि आता यात अजून काय समजावून सांगायचं अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागले.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे डॉक्टर नाही. कान दुखतो, वाहतो, त्यात शेंगदाणा अडकतो, ते सगळं डॉक्टरांकडे. माझ्याकडे कमी ऐकू येणारी माणसं येतात. किती कमी येतं ते मोजायचं आणि लागलं तर मशीन लावून द्यायचं, हे माझं काम. नगरला सावेडीत एका मेडिकलच्या वर माझं क्लिनिक आहे. लोक मला 'कानाच्या मशीनवाल्या बाई' म्हणतात. आधी राग यायचा, आता सवय झाली. पण एक राग मात्र अजून जात नाही, तो म्हणजे परत आलेल्या मशीनचा. बहुतेक मशिनं हट्टापायी परत येतात. "सून लाव म्हणाली म्हणून लावलं," असं सांगत लोक ती कपाटात ठेवतात आणि नंतर परत आणून म्हणतात, मशीनचा काही उपयोग नाही. मास्तरही त्यातलेच असणार, असं मी धरून चालले होते.

मास्तरांना माझ्याकडे आणलं होतं प्रियंकाने. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, दिवसा शाळेत शिकवते आणि संध्याकाळी मास्तरांच्या वर्गात लहान मुलींना बघते. मास्तर कथक शिकवतात. मूळचे जामखेडकडच्या एका खेड्यातले, पण नगरमध्ये त्यांची सगळी हयात गेली. दिवसभर एमआयडीसीत पत्रे ठोकायचे आणि संध्याकाळी घुंगरू बांधायचे. नगरमधल्या निम्म्या शाळांच्या स्नेहसंमेलनात कथक बसवणारी जी कुणी बाई असते, ती यांच्याच हाताखालून गेलेली असते. हे मला प्रियंकाने सांगितलं. मास्तरांनी स्वतःबद्दल एवढंच सांगितलं, "पोरींना उभं ऱ्हायला शिकवतो."

पहिल्या दिवशी मी त्यांची तपासणी केली होती. बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. त्यावरून एक आलेख तयार होतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. मास्तरांचा आलेख एका बाजूला ठीक होता आणि दुसऱ्या बाजूला घाटातून उतरावा तसा खाली गेला होता. म्हणजे जाड आवाज ऐकू येतात, बारीक, टोकदार आवाज येत नाहीत. देवळातला ढोल ऐकू येतो, टाळ येत नाही. आयुष्यभर पत्र्यावर हातोडा मारणाऱ्याचा कान असाच होतो. त्यात वयाची भर पडली होती.

मी त्यांना चांगली मशिनं ट्रायलवर दिली. समोर बसून शब्द वाचले, त्यांनी सगळे बरोबर सांगितले. माझ्या धंद्यात याला यश म्हणतात. आणि आता ते यश डबीत घालून परत आलं होतं.

मास्तर पाणी प्यायला बाहेर गेले, तशी त्यांच्याबरोबर आलेली प्रियंका खुर्ची ओढून पुढे सरकली.

"मॅडम, प्लीज काहीतरी करा. मास्तर गुरुपौर्णिमेला वर्ग बंद करणार आहेत."

"कशावरून?"

"स्वतःच म्हणाले. आणि मॅडम, ते आता रागवत नाहीत."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं कसलं? आमच्यात मास्तर रागवले नाहीत तर पोरी रडतात." तिचेच डोळे भरून आले होते. "पूर्वी एका पोरीचा पाय केसभर चुकला तरी मास्तर नाव घेऊन थांबवायचे. आता सगळा तास गप्प बसतात. गेल्या गुरुपौर्णिमेपासून त्यांनी कुणालाच पास केलेलं नाही. राहात्याची श्रावणी आहे. तिचं शिक्षण कधीच पूर्ण झालंय. मास्तरांनी हो म्हटलं की ती राहात्यात वर्ग सुरू करणार, जागासुद्धा बघून ठेवली आहे. त्यांच्या होकाराशिवाय ती एक मुलगी शिकवणार नाही. आणि मास्तर ना हो म्हणतात, ना नाही. पोरींना वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं. काही जणी सोडून गेल्या."

"मास्तरांनी त्यांना सांगितलं नाही, ऐकू येत नाही म्हणून?"

"मला शपथ घातली आहे, सांगायचं नाही."

मास्तर परत आले. मी त्यांना सरळच विचारलं, "त्या श्रावणीला पास का नाही करत? तयार आहे म्हणे."

त्यांनी आधी प्रियंकाकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"आसंल बी तयार. पर मला आयकू न्हाई आलं ताई. न आयकता व्हय म्हनलो तर ती लबाडी झाली. माझ्या गुरुजींनी मला लबाडी न्हाई शिकवली."

या एका वाक्यानंतर मला मास्तरांचा राग येईना. डबी मी परत माझ्याकडे ओढली.

पाय म्हणजे घुंगरू, एवढं माझ्या डोक्यात शिरलं होतं. मी कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. तिथे सौरभ नावाचा एक तरुण इंजिनिअर आहे. पुण्यात बसतो, हुशार आहे, पण त्याला मशीनची बाजू आधी दिसते आणि माणसाची नंतर.

"मॅडम, मशीन एकदम करेक्ट चाललंय," माझं ऐकून घेऊन तो म्हणाला. "नॉइज रिडक्शन ऑन आहे ना? मग घुंगरू दबणारच. मशीनच्या दृष्टीने घुंगरू म्हणजे नॉइज."

"सौरभ, हे वाक्य मास्तरांसमोर बोलू नकोस. वय झालं असलं तरी त्यांचे पाय दणकट आहेत."

त्याचं म्हणणं मात्र खरं होतं. नॉइज रिडक्शन म्हणजे गोंगाट दाबण्याची सोय. मशीन लावणाऱ्या वयस्कर लोकांची सगळ्यात मोठी तक्रार असते ती भांड्यांची. स्वयंपाकघरात ताट पडलं की डोक्यात घण बसतो म्हणतात. म्हणून कंपन्यांनी मशीनला शिकवून ठेवलंय, की धातूचा टोकदार आवाज एकदम आला तर तो दाबायचा. घुंगरू पितळेचे असतात. पायात घुंगरांची माळ बांधून पोरगी नाचायला लागली की मशीनला वाटतं, कुणाच्या तरी घरी भांड्याचं कपाट कोसळलंय. ते बिचारं इमानदारीने सगळं दाबून टाकत होतं.

मी ती सोय बंद केली. दुसऱ्या दिवशी प्रियंका घुंगरू घेऊन आली. मास्तरांना खुर्चीवर बसवलं, मशिनं लावली आणि प्रियंकाला म्हटलं, वाजवा. तिने समोर उभं राहून घुंगरांची माळ हातात हलवली.

मास्तरांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि ताल धरायला लागला. डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. बाहेर बसलेले दोन पेशंट दारातून डोकावायला लागले.

"हे," मास्तर म्हणाले, "हे हुतं. हेच न्हाई का!"

मी खूश झाले. प्रियंकाने तर मला मिठीच मारली. मास्तर जिना उतरून गेले तेव्हा मी सौरभला मेसेज टाकला, काम फत्ते.

चार-पाच दिवसांत फोन आला. मास्तर स्वतः बोलत होते, आणि कमी ऐकू येणारी माणसं मोबाईलवर बोलतात तसे ओरडत होते.

"ताई, दवाखान्यात येतंय, वर्गात न्हाई येत."

"काहीच येत नाही?"

"येतं, पर लांबून. शेजारच्या गावात लगीन हाय आन् हितं वाजंत्री आयकतोय, तसं. जाऊ द्या आता. लई उपकार झाले तुमचे."

'लई उपकार झाले' हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. याच्यानंतर माणूस परत येत नाही. माझं टाळकं सटकलं. मास्तरांवर नाही, मशीनवर. सौरभला फोन केला, तर तो म्हणाला, हॉल घुमत असेल, कार्पेट टाकायला सांगा.

"कथकच्या वर्गात कार्पेट?"

"का, नसतं का?"

मी फोन ठेवला. संध्याकाळच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या, लॅपटॉप पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि मास्तरांच्या वर्गाचा पत्ता विचारत निघाले. एरवी मी पेशंटच्या मागे जात नाही. पण हा माणूस न ऐकता हो म्हणायला तयार नव्हता, आणि मीही तपासल्याशिवाय हरायला तयार नव्हते.

वर्ग एका जुन्या गोदामात भरतो. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, बाहेर चपलांचा ढीग. आत ओढणी कमरेला बांधून मुली ओळीत उभ्या होत्या. कुणी डॉक्टरची मुलगी होती, कुणी वॉचमनची. घुमण्याचं म्हणाल तर मी टाळ्या वाजवून बघितल्या, खिडक्या सताड उघड्या असल्यामुळे हॉल फार घुमत नव्हता. सौरभचं कार्पेट वाचलं. एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. नाचाच्या वर्गात भिंतभर आरसे असतात, असं मी टीव्हीवर बघत आले होते. इथे हात धुवायच्या जागेवरही आरसा नव्हता.

मास्तर आले. सगळ्या मुली वाकल्या. कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल होतं, त्यांनीच कधीतरी कारखान्यात उरलेल्या पट्ट्यांचं जोडलेलं. मास्तरांनी ते उचललं, समोरच्या भिंतीपाशी नेलं, भिंतीकडे तोंड केलं आणि मुलींकडे पाठ करून बसले.

"चला," भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले. "तत्कार."

तत्कार म्हणजे कथकचा पाया. नुसती पावलं, सरळ लयीत, पुन्हा पुन्हा. मुलींनी सुरुवात केली. शहाबादी फरशीवर इतके पाय एकदम पडायला लागल्यावर माझ्या छातीत धडधडलं. आणि मास्तर भिंतीकडे बघत, मान जराशी वाकडी करून, कानात जीव आणून बसले होते.

मी प्रियंकाला बाजूला ओढलं. "हे असे का बसलेत?"

"कसे?"

"पाठ करून!"

"मास्तर असेच बसतात," प्रियंका म्हणाली. "पहिल्यापासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं मॅडम? तुम्ही विचारलं नाहीत."

मला हसावं की रडावं कळेना. आता यातली मेख सांगते. आजकालच्या मशीनमध्ये दोन माइक असतात, एक पुढे, एक मागे. दोन्ही मिळून आवाज कुठून येतोय ते ओळखतात. गडबडीच्या ठिकाणी मशीन आपणहून समोरचा आवाज उचलतं आणि मागचा खाली ढकलतं. कारण मशीन बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय की माणूस ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे तोंड करतो. लग्नाच्या पंगतीत बसलात तर समोरचा पाहुणा ऐकू यावा, मागचा वाढपी नको. शंभरातल्या नव्याण्णवांना हे सोयीचं आहे. मास्तर शंभरावे. त्यांचं सगळं जग त्यांच्या पाठीमागे नाचत होतं, आणि मशीन जिवाच्या आकांताने भिंत ऐकत होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्या क्लिनिकमध्ये प्रियंका समोर उभी होती, म्हणून तिथे ऐकू आलं.

मी बाहेर येऊन सौरभला फोन केला.

"सोपं आहे मॅडम," तो म्हणाला. "पेशंटला वळून बसायला सांगा. झिरो कॉस्ट सोल्यूशन."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. तास संपल्यावर मी मास्तरांजवळ गेले आणि म्हटलं, "मास्तर, गंमत सापडली. मशीनला समोरचं ऐकू येतं. तुम्ही स्टूल फिरवून मुलींकडे तोंड करून बसा, सगळं नीट होईल."

मास्तरांनी लपवलेली गोष्ट मी मुलींसमोर बोलून गेले, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पाण्याची बाटली उघडणारी एक मुलगी तशीच थांबली. मास्तर मात्र चिडले नाहीत.

"बसा ताई," त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. "तुमी नव्या हायेत, म्हनून सांगतो. ह्या पोरींना ही गोष्ट पाठ हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नगरला यायच्या आधी, तरुणपणी ते पुण्यात एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. एका कथकच्या वर्गाच्या खिडकीला जाळी बसवायला त्यांना पाठवलं. ते बाहेरून ठोकत होते, आत नाच चालला होता. आतला नाच थांबला तरी यांचा हातोडा चालूच राहिला. वर्गाचे गुरुजी बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, हे लयीत कोण ठोकतंय? जाळी लावून झाली त्या संध्याकाळी गुरुजींनी त्यांना आत घेतलं.

"आन् मग?" एक लहान मुलगी म्हणाली. तिला पुढचं माहीत होतं, पण तिला ते पुन्हा हवं होतं.

"मंग बोंब झाली," मास्तर म्हणाले. "आमी कोन, कुठले, कुठल्या वस्तीतले, समद्यांना म्हाईत झालं. चांगल्या घरच्या पोरी आन् पोरं हुती तितं. त्यांचे आईबाप आले भांडायला. ह्यो आमच्या लेकरांच्या वळीत न्हाई चालायचा म्हनले. गुरुजींनी खुर्ची उचलली, भिताडाकडं तोंड केलं आन् म्हनले, एकेकानं तत्कार करा. कोन करतंय ते सांगू नका. समद्यांनी केलं. मी बी केलं. लई भ्यालो हुतो. झाल्यावर गुरुजी म्हनले, चौथा कोन हुता, त्यो उद्यापास्नं पुढच्या वळीत उभा ऱ्हाईल."

"चौथा कोण होता?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी तोंडातून निघून गेलं.

"मी," मास्तर म्हणाले. "तवापास्नं गुरुजी कधी वळून बसले न्हाईत. पोरगं पास झालं की मंगच वळायचे. मी बी तसंच करतो. पोरगी पास झाली की वळतो. डोळे लई भाबडे असत्यात ताई. कपडे बघत्यात, रंग बघत्यात, हसली की भुलत्यात. कानाला त्यातलं काई दिसत न्हाई. मी स्टूल फिरवलं, तर गुरुजींनी माझ्यासाटी जे केलं ते मीच पुसून टाकल्यासारखं हुईल. त्यापरीस वर्ग बंद केलेला बरा."

मी इतकी वर्षं कानांचं काम करतेय, पण कानाची एवढी इज्जत केलेली मी कुठे बघितली नव्हती. झिरो कॉस्ट सोल्यूशन मी मनातल्या मनात सौरभला साभार परत केलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "स्टूल नाही फिरवायचं. मशीन फिरवू."

खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप ठेवला आणि मास्तरांची मशिनं जोडली. समोरचं ऐकण्याचा हट्ट बंद केला. चारी बाजूंचं सारखं ऐक, असं मशीनला सांगितलं. मास्तरांनाही सांगितलं, "आता रस्त्यावरचे हॉर्न येतील, पंखा येईल, बाहेर थांबलेल्या मुलींच्या आयांच्या गप्पा येतील. त्रास होईल."

"होऊ द्या. कारखान्यात काय बासरी वाजत हुती का?"

मुलींना पुन्हा उभं केलं. तत्कार सुरू झाला. मास्तर भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला.

"आले. समदे आले. पर ताई, समद्यांचं वजन एकच लागतंय. हळू पडलेला पाय बी तेवढाच आन् दाबून पडलेला बी तेवढाच. आसं नसतं."

हेही बरोबर होतं. बारीक आवाज मोठा करायचा आणि मोठा आवाज आवरायचा, हा मशीनचा स्वभावच असतो, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. बोलणं ऐकायला ते छान. कुजबुज कळते, ओरडणं टोचत नाही. पण नाचात पाऊल हलकं की जड यातच सगळं असतं, आणि मशीनने सगळ्या पावलांना एकाच मापाचे बूट घातले होते. मी ते जमेल तेवढं सैल केलं. अगदी काढून टाकलं असतं तर मास्तरांचा उरलेला कानही दुखावला असता. मग थोडं इकडे, थोडं तिकडे. नाच थांबवायचा, बटणं दाबायची, पुन्हा नाच. मुली घामाघूम झाल्या, पण एकीनेही दमलो म्हटलं नाही. शेवटी मास्तर म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या," आणि हाक मारली, "श्रावणी."

ही ती राहात्याची. उंच, शिडशिडीत, एसटीने ये-जा करणारी. ती एकटी पुढे आली. तिने घुंगरांना हात लावून नमस्कार केला आणि सुरुवात केली. आधी सावकाश, मग दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट. मला नाचातलं शून्य कळतं, पण माझी नजर हटत नव्हती. इतकं सुंदर काही मी गोदामात बघेन असं कधी वाटलं नव्हतं. मास्तरांची पाठ ताठ होती. आता वळतील, आता वळतील, असं वाटत होतं. मी तर नवस बोलायच्या बेतात होते.

"थांब!" मास्तर कडाडले.

श्रावणी थांबली.

"डावी टाच. उशिरा पडती. जलद गेली की आळस करती. आन् घुंगरू ढिले बांधलेत डाव्या पायातले. काय चाललंय हे? राहात्यात जाऊन पोरींना आसं शिकवनार हाईस का?"

मी पुढे होऊन काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात श्रावणी ओंजळीत तोंड खुपसून रडायला लागली. प्रियंकाही रडत होती. मग एक मुलगी हसली, दुसरीने टाळी वाजवली आणि सगळा वर्गच टाळ्या वाजवायला लागला. नापास झालेल्या पोरीसाठी एवढ्या टाळ्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

"मास्तर रागावले," श्रावणी डोळे पुसत मला म्हणाली. "मॅडम, किती दिसांनी रागावले! मला वाटलं हुतं माझ्यात कायच ऱ्हायलं न्हाई."

"दात काय काढताय?" मास्तर भिंतीकडे बघूनच ओरडले. "पुन्यांदा उभ्या ऱ्हा समद्या! तिसऱ्या वळीतली, निळ्या पैंजनाची का कुनाची ती पोरगी, तू पाय घासती."

निळं पैंजण कुणाच्याच पायात नव्हतं. ते त्यांनी ठोकून दिलं होतं. पाय घासणारी मात्र तिसऱ्या ओळीतच होती, आणि ती लगेच सरळ उभी राहिली.

तरुणपणीचा कान कुणालाच परत मिळत नाही. हे मी प्रत्येक पेशंटला सांगते, मास्तरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "गुडघा तरी कुठं तवाचा ऱ्हायलाय?" दर काही दिवसांनी ते माझा जिना चढून येत, मी बटणं दाबायची, आणि ते कुणाची टाच कशी पडते ते मला सांगायचे. मला आता त्या वर्गातल्या सगळ्या टाचा माहीत आहेत.

गुरुपौर्णिमेला मला बोलावणं होतं. वर्ग बंद करण्याचा विषय कुणी काढला नाही. श्रावणीचे आई-वडील राहात्याहून पेढे घेऊन आले होते, पण ते पिशवीतून बाहेर काढायला तयार नव्हते. मास्तरांनी स्टूल भिंतीपाशी नेलं. श्रावणी नाचली. या वेळी मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी मास्तरांच्या कानांकडे बघत होते, कारण तिथे माझंही काहीतरी पणाला लागलं होतं.

ती समेवर येऊन थांबली. घुंगरांचा आवाज विरला. बाहेरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मग स्टुलाचे पाय फरशीवर करकरले. मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले, उठले, स्टूल उचलून फिरवलं आणि पोरीकडे तोंड करून बसले.

"तू हाईस व्हय," तिच्याकडे नीट बघत ते म्हणाले. "जा. लाव वर्ग."

राहात्यात श्रावणीचा वर्ग सुरू आहे. मी अजून गेलेले नाही, पण प्रियंका जाऊन आली. तिथेही आरसा नाही आणि श्रावणी भिंतीकडे तोंड करून बसते म्हणे. लोखंडी स्टूल मास्तरांनी जोडून दिलं.

माझ्या कॉम्प्युटरवर मशीनचे तयार प्रोग्रॅम असतात. कंपनीने त्यांना हॉटेल, मीटिंग, म्युझिक अशी नावं दिलेली आहेत. मास्तरांसाठी केलेली सेटिंग मी 'भिंत' नावाने सेव्ह करून ठेवली आहे. मागच्या महिन्यात गणिताचे एक सर आले. त्यांची तक्रार अशी, की फळ्याकडे तोंड करून लिहायला लागलो की मागे पोरं काय बोलतात ते कळत नाही. मी त्यांना 'भिंत' लावून दिली. सर खूश आहेत. पोरांचं मात्र माझ्याबद्दल काय मत आहे ते मी विचारलेलं नाही.

पण कानाला खडा लावला आहे. आता कुणी मशीन घ्यायला आलं की कान तपासण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. तुम्हाला काय ऐकायचं आहे? आणि ते ऐकताना तुम्ही कुणीकडे तोंड करून बसता?